दाढ काढायची धास्ती वाटते? भूल, गुंगी आणि उपाशीपोटाचा नेमका क्रम

एक बाई अक्कलदाढ काढायला सकाळी दहाला आल्या. आदल्या रात्री आठपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, कारण ‘ऑपरेशन म्हणजे उपाशीच जायचं’ असं शेजारणीनं सांगितलं होतं. त्यांची दाढ नुसती हिरडी बधिर करून काढायची होती. सुई हिरडीला टेकली आणि ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम फुटला, मान कलली. खुर्ची आडवी करून पाय वर उचलले, तेव्हा दोनेक मिनिटांत त्या सावरल्या. दाढ त्या दिवशी राहिली आणि आधीच असलेली धास्ती आणखी वाढली.

याच्या बरोबर उलटं करणारेही येतात. सलाइनमधून गुंगी द्यायची ठरलेली असते, भूलतज्ज्ञ वेळ काढून आलेले असतात आणि पेशंट म्हणतो, “काही खाल्लं नाही हो, फक्त चहा-खारी.” त्यांनाही परत पाठवावं लागतं.

दोन्हीकडे चूक एकच. आपल्याला कोणत्या प्रकारची भूल मिळणार हे पेशंटला ठाऊक नसतं आणि तयारी मात्र ऐकीव माहितीवर होते. दातांचा डॉक्टर म्हणून अनेक वर्षं मी हेच पाहतो आहे, म्हणून कामाचा क्रम इथे पहिल्यापासून मांडतो. औषधांची नावं लिहिली आहेत ती तुम्हाला डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. स्वतःहून आणून घ्यायला नव्हे.

## टप्पा १ : भीती आधी सांगा, आणि नेमकी कशाची ते सांगा

वेळ घेण्यासाठी फोन कराल तेव्हाच सांगा, “मला फार भीती वाटते, पहिल्या दिवशी फक्त बोलायला येतो.” यात लाजण्यासारखं काही नाही. रक्तदाब सांगतात तशीच ही माहिती आहे. काही जण भीती लपवून हसत खुर्चीत बसतात आणि ऐन कामात डॉक्टरांचा हात धरतात. हातात धारदार हत्यार असताना असं होणं दोघांनाही धोक्याचं असतं.

नुसतं ‘भीती वाटते’ म्हटलं तर आम्हाला फारसं कळत नाही. कशाची वाटते त्यावर उपाय बदलतो.

सुईची भीती असेल तर इंजेक्शनआधी हिरडी पुसून कोरडी करायची आणि तिच्यावर बधिर करणारं जेल दोन-तीन मिनिटं ठेवायचं. घाई केली तर जेलचा उपयोग होत नाही. औषध सावकाश सोडलं तर ठणकाही कमी लागतो. सुई किंवा रक्त पाहून चक्कर येत असेल तर ते वेगळं सांगा. अशा माणसानं इंजेक्शनच्या वेळी मांड्या आणि पोटऱ्या दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या. रक्तदाब खाली येऊ न देण्याची ही साधी युक्ती आहे.

‘मागच्या वेळी भूल चढलीच नाही, तसंच ओढून काढलं’ असा अनुभव असेल तर तो सविस्तर सांगा. पू झालेल्या, सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे भुलेचं औषध नीट काम करत नाही. मग आधी पू काढून टाकणं, गरज पडल्यास अँटिबायोटिक देऊन सूज उतरवणं किंवा दुसऱ्या जागी इंजेक्शन देऊन मुख्य नस बधिर करणं, असे मार्ग असतात. तुमचं शरीर विचित्र आहे असा त्याचा अर्थ नव्हे.

काहींना उलटीची उबळ येते, काहींना तोंडात पाणी साचलं की घुसमटल्यासारखं होतं. काहींना ड्रिलचा आवाज सहन होत नाही. आणि खूप जणांना खरी भीती असते ती ‘मी थांबा म्हटलं तर हे थांबतील का’ याची. त्यावरचा उपाय फुकट आहे. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं, ही खूण आधीच ठरवून घ्या आणि काम सुरू होण्यापूर्वी एकदा करून पाहा.

तपासा : भीती कशाची, मागचा वाईट अनुभव कधीचा, तेव्हा नेमकं काय झालं, या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या का? समोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं.

## टप्पा २ : पर्याय समजून घ्या

सगळ्यात आधी एक गैरसमज. गुंगी दिली म्हणजे हिरडीत इंजेक्शन द्यावं लागत नाही, असं नाही. गुंगीनं भीती उतरते. दुखणं थांबवायला हिरडीतलं इंजेक्शनच लागतं, फक्त ते देताना तुम्हाला फिकीर नसते आणि नंतर बहुधा आठवतही नाही.

फक्त जागेवरची भूल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात, बऱ्याचदा त्यात थोडं अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेलं असतं. खालच्या दाढेसाठी नस बधिर केली की पाच-दहा मिनिटांत त्या बाजूचा निम्मा ओठ जड होतो. बधिरपणा तीन ते पाच तास टिकतो. दुखणं जातं, पण दाब आणि ढकलणं जाणवतं. जबड्यावर जोर पडतो, कुरकुर ऐकू येते. हे आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शांत हातानं दिलेलं इंजेक्शन, पुरेसा वेळ आणि हात वर करायची खूण एवढ्यावर बऱ्याच घाबरट पेशंटचं काम होतं. म्हणून गुंगीचा विचार करण्याआधी हे प्रामाणिकपणे करून पाहावं.

गोळी. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम या जातीची. साधारण तासभर आधी द्यावी लागते. मन सैल पडतं, पण कोणाला किती चढेल याचा अंदाज नेमका लागत नाही आणि एकदा गिळल्यावर मात्रा कमी-जास्त करता येत नाही.

नाकावाटे गॅस. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचं मिश्रण. नाकावर छोटा मास्क बसवतात, काही मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, अंग हलकं आणि उबदार वाटतं, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. तुम्ही जागे असता, बोलता. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर मात्र हा गॅस पोचतच नाही, आणि ही सोय सगळ्या दवाखान्यांत नसते.

सलाइनमधून गुंगी. बहुधा मिडाझोलाम, कधी सोबत दुसरं औषध. हातातल्या सुईतून थोडं थोडं देत, डोळे जड होईपर्यंत मात्रा वाढवतात. हाक मारली तर तुम्ही ओ देता, ‘तोंड उघडा’ म्हटलं तर उघडता, पण मधला बराच काळ नंतर आठवत नाही. फार घाबरणाऱ्यांसाठी, आडव्या रुतलेल्या अक्कलदाढेसाठी किंवा एका बैठकीत दोन-तीन दाढा काढायच्या असतील तर मला हा पर्याय सर्वांत योग्य वाटतो. अट एकच : लक्ष ठेवायला वेगळा माणूस हवा.

पूर्ण भूल. ही हॉस्पिटलमध्ये, ऑपरेशन थिएटरातच. चारही अक्कलदाढा एकदम काढायच्या असतील, जबड्यात मोठी गाठ असेल, मूल लहान असेल किंवा गुंगीतही सहकार्य शक्य नसेल तेव्हा. बहुधा नाकातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते, त्यामुळे नंतर एखाद-दोन दिवस घसा खवखवतो.

इशारा : घरात कोणाला दिलेली झोपेची गोळी ‘अर्धीच घेतली’ म्हणून घेऊन येऊ नका. तिच्यावर दवाखान्यात गुंगीचं औषध पडलं तर श्वास मंदावू शकतो. घेतलीच असेल तर खुर्चीत बसण्यापूर्वी सांगा. कोणी रागावणार नाही.

## टप्पा ३ : औषधांची पिशवीच घेऊन जा

या टप्प्यावर लोक सर्वांत जास्त चुकतात. ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘नाही, काही नाही.’ मग पर्समधून बीपीची गोळी निघते. गोळीनं बीपी ताब्यात आहे म्हणजे बीपी नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून यादी करत बसू नका. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घाला, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही, आणि पिशवी टेबलावर रिकामी करा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विशेष सांगायचं आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅसिट्रोम, वॉरफरिन किंवा नव्या जातीच्या गोळ्या दाढ काढायची म्हणून स्वतःहून बंद करू नका. साध्या दाढेसाठी अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवतही नाहीत. हिरडीतलं रक्त दाबून आणि टाके घालून थांबवता येतं. हृदयातल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं. अ‍ॅसिट्रोम किंवा वॉरफरिन चालू असेल तर आदल्या दिवशीचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा, रिपोर्ट आणा. काय थांबवायचं, किती दिवस, हे हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. उपाशी राहायचं असेल तर त्या दिवशी साखरेची कोणती गोळी घ्यायची आणि इन्सुलिन किती, हे लेखी विचारून घ्या. नेहमीची मात्रा उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा काही गोळ्या पूर्ण भुलेच्या किंवा लांब उपासाच्या आधी तीन दिवस थांबवाव्या लागतात, म्हणून हा प्रश्न आदल्या रात्री विचारून उपयोगाचा नाही. वजन किंवा साखर कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा. त्यानं जठर सावकाश रिकामं होतं, आणि तुम्ही उपाशी असलात तरी पोट रिकामं असेलच असं नाही.

आणखी काही गोष्टी ज्या पेशंटच्या मनातही येत नाहीत :

झोपेत मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दचकून उठणं. गुंगीत घसा ढिला पडतो तेव्हा हाच त्रास वाढतो. ही माहिती नवऱ्याला किंवा बायकोला विचारा, ते खरं सांगतील.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं इंजेक्शन. या औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याचं हाड कधीकधी भरून येत नाही. कॅन्सरसाठी तशीच औषधं घेतली असतील तर हे अधिकच महत्त्वाचं.

क्षयरोगाची औषधं. रिफॅम्पिसिनमुळे मिडाझोलामचा असर खूप कमी होतो. उलट क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या काही गोळ्यांमुळे तो वाढतो.

बी-१२ ची कमतरता. शाकाहारी घरांत ती पुष्कळ आढळते, आणि नायट्रस ऑक्साइड नेमकं याच जीवनसत्त्वाला निकामी करतं. रिपोर्टमध्ये बी-१२ कमी आलं असेल तर गॅस घेण्याआधी दाखवा.

गर्भारपण, किंवा पाळी चुकलेली असणं. हृदयाची कृत्रिम झडप. दमा, आणि वेदनाशामक गोळीनं दमा उसळल्याचा अनुभव. अपस्मार, म्हणजे फिट येणं. दारू किती आणि किती वेळा, हे खरं सांगा, कारण रोज पिणाऱ्याला गुंगीचं औषध वेगळ्या तऱ्हेनं चढतं.

मिसरी, तंबाखू, गुटखा, सुपारी. आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का पाहा. दोनच जात असतील तर ते फोनवरच सांगा. सुपारी-गुटख्यानं गालाचे पडदे आवळत जातात. मग दाढेपर्यंत पोचणं अवघड होतं आणि भूलतज्ज्ञाला नळी घालणंही.

तपासा : जबड्याचा पूर्ण एक्स-रे, म्हणजे ओपीजी, झाला का? खालच्या अक्कलदाढेची मुळं ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला चिकटलेली दिसत असतील तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, सांगतात. तो खर्च वायफळ नाही. ओठ कायमचा बधिर राहण्याचा धोका किती, हे त्यावरून कळतं.

## टप्पा ४ : डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

गुंगी कोण देणार? सलाइनमधून गुंगी असेल तर दाढ काढणाऱ्यानंच मधूनमधून लक्ष ठेवणं पुरेसं नाही, भूलतज्ज्ञ समोर हवेत. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र, रक्तदाबाचं यंत्र, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि तोंडातलं ओढून घेणारं सक्शन खोलीत आहे का? गुंगी उतरवणारं फ्लुमाझेनिल हाताशी आहे का? काही बिघडलं तर जवळचं हॉस्पिटल कोणतं? रात्री दोनला रक्त आलं तर कोणाला फोन करायचा?

खर्च तीन भागांत विचारा : दाढेचा, भूलतज्ज्ञांचा, औषधं-टाक्यांचा. विम्यात बसतं का हे विमा कंपनीकडून आधी लेखी घ्या. दातांची कामं बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असतात.

खासगी खर्च झेपत नसेल तर दाढ अंगावर काढू नका. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे मुखशल्यचिकित्सेचे, म्हणजे तोंड-जबड्याच्या ऑपरेशनांचे, स्वतंत्र विभाग आहेत. रांग असते, दोन-तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत फक्त तपासणी होणार असं धरूनच जा.

संमतीपत्र गुंगीच्या आधी, शक्यतो घरी नेऊन वाचून सही करा. मराठीत मागा. गोळी घेतल्यावर केलेल्या सहीला अर्थ नाही.

## टप्पा ५ : आदला दिवस आणि उपाशीपोटाचा हिशेब

हा भाग कापून फ्रिजवर लावला तरी चालेल.

फक्त जागेवरची भूल : उपाशी राहायचं नाही. दोन तास आधी नीट जेवा किंवा पोटभर नाश्ता करा. भाकरी, पोहे, काहीही चालेल. नंतर काही तास चावता येणार नाही.

गोळी किंवा गॅस : हलकं खाणं चालेल की नाही, ते डॉक्टर सांगतील तसं. ठिकाणानुसार यात फरक असतो, म्हणून गृहीत धरू नका.

सलाइनमधून गुंगी किंवा पूर्ण भूल : तळलेलं, तुपकट, मटण-चिकन असं जड खाणं ८ तास आधी बंद. हलकं खाणं ६ तास आधी बंद. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

आता चहाबद्दल. दूध घातलेला चहा पाण्यात धरत नाहीत, खाण्यात धरतात. दूध जठरात गेलं की त्याचं दही होतं आणि ते सावकाश पुढे सरकतं. सकाळी ९ ची वेळ असेल तर शेवटचा चहा रात्री ३ च्या आधीचा, म्हणजे झोपण्यापूर्वीचाच. ताक, लस्सी, गराचा रस हेही खाण्यातच. एवढी सक्ती कशासाठी? गुंगीत घशाचा ठसका मंदावतो. पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात गेलं तर जीव धोक्यात येतो. म्हणून ‘एक बिस्कीट खाल्लं’ हे लपवू नका. वेळ पुढे ढकलता येते.

बीपी, थायरॉइड, फिट यांच्या रोजच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत बहुधा घ्यायच्याच असतात. ‘उपास’ म्हणून त्या चुकवून लोक येतात आणि रक्तदाब १८०/११० च्या वर गेलेला निघतो. मग काम पुढे जातं.

सोबतचा माणूस आजच ठरवा. सज्ञान, फोन उचलणारा आणि संध्याकाळपर्यंत मोकळा असलेला. त्यानं ऑफिसला जाता जाता सोडून जाणं म्हणजे सोबत नव्हे.

रात्रीसाठी मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, पेज यांची तयारी करून ठेवा. फ्रीजरमध्ये बर्फ आहे का पाहा. दारू पूर्ण बंद.

इशारा : सर्दी, खोकला किंवा ताप आला असेल तर फोन करून सांगा. तारीख मिळवायला त्रास झाला म्हणून तसंच येऊ नका.

## टप्पा ६ : त्या सकाळी

दात नेहमीसारखे घासा. पाण्यानं चूळ भरायला हरकत नाही, ती थुंकायची. बाह्या सहज वर जातील असे सैल कपडे घाला. नेलपॉलिश काढा, निदान एका हाताच्या दोन बोटांची. ऑक्सिजन मोजणारं यंत्र नखातून उजेड पाठवतं, गडद रंग असेल तर आकडा चुकतो. लिपस्टिकही नको, ओठांचा रंग आम्हाला पाहायचा असतो. कॉन्टॅक्ट लेन्स, नथ, कवळी काढून ठेवा.

गोळी घरी घ्यायला सांगितली असेल तर ती घेतल्यावर गाडी चालवायची नाही. दवाखान्यापर्यंतसुद्धा नाही.

वाट पाहत बसताना श्वास सोडण्यावर लक्ष द्या. मनात चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. साधी गोष्ट आहे, पण छातीतली धडधड त्यानं उतरते.

## टप्पा ७ : खुर्चीत काय, कोणत्या क्रमानं

आधी बीपी आणि ऑक्सिजन पाहतात. मग गुंगी, मग जेल, मग हिरडीतलं इंजेक्शन. अ‍ॅड्रिनॅलिनमुळे एखादा मिनिट छाती धडधडू शकते. घाबरू नका, पण सांगा.

यानंतर एक पायरी बऱ्याचदा घाईत सुटते : बधिरपणाची खात्री. खालच्या दाढेसाठी त्या बाजूचा ओठ मध्यभागापर्यंत जड, सुजल्यासारखा वाटला पाहिजे. नुसती जीभ बधिर झाली असेल आणि ओठ नाही, तर नस पूर्ण पकडली गेलेली नाही. डॉक्टर टोकदार हत्यार हिरडीला लावून विचारतील, ‘टोचतंय की दाबल्यासारखं वाटतंय?’ धीर दाखवायची ही वेळ नव्हे. टोचत असेल तर टोचतंय म्हणा. आणखी थोडं औषध देता येतं आणि थांबता येतं.

रुतलेल्या दाढेसाठी हिरडी बाजूला करतात, पाण्याची धार सोडत थोडं हाड कोरतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते बाहेर काढतात आणि टाके घालतात. ‘दाढ तुटली’ असं कानावर पडलं तर दचकू नका, तुकडे मुद्दाम केलेले असतात.

एक मुलगा, बावीस-तेवीसचा, दोन वर्षं दाढ टाळत होता. त्याच्या आईला सांगितलं, त्याच्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत राहा. सुरुवातीला दोन्ही अंगठे ताठ, वर वळलेले होते. औषध चढत गेलं तसे ते सैल पडत गेले आणि पाय बाहेरच्या बाजूला कलले. तेव्हा कुठे आम्ही सुई उचलली. गुंगी आल्यावरच पुढची पायरी, त्याआधी नाही.

## टप्पा ८ : घरी जाताना आणि पहिले चोवीस तास

सलाइनमधून गुंगी घेतल्यावर ‘मी अगदी ठीक आहे’ असं प्रत्येकाला वाटतं. त्यावर विश्वास ठेवू नका. सूचना पेशंटला नव्हे, सोबतच्या माणसाला आणि कागदावर द्यायला सांगा, कारण त्या वेळी ऐकलेलं पेशंटला संध्याकाळी आठवत नाही.

इशारा : स्कूटरवर मागे बसून घरी जाऊ नका. वळणावर डुलकी लागली तर धरायला कोणी नसतं. रिक्षा किंवा गाडी करा, सोबतचा माणूस शेजारी हवा.

चोवीस तास गाडी चालवणं, गॅसजवळ एकटीनं स्वयंपाक, तान्ह्या बाळाला एकट्यानं सांभाळणं, पैशांचे व्यवहार, कागदांवर सह्या यातलं काही नको. पहिली रात्र एकट्यानं काढू नये.

तोंडात ठेवलेला गॉझ, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, पाऊण ते एक तास घट्ट दाबून ठेवा. बोलू नका, दर पाच मिनिटांनी काढून पाहू नका. त्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते आणि तीच जखमेवरचं झाकण असते. म्हणून चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. लाळ लालसर दिसेल. थेंबभर रक्तानंही तोंडभर लाळ रंगते, ती गिळून टाका. रक्त खरंच भरून येत असेल तर स्वच्छ गॉझ ओला करून घडी करा, जखमेवर ठेवा आणि अर्धा तास न सोडता दाबा. तरी थांबलं नाही तर फोन.

वेदनाशामक गोळी बधिरपणा उतरण्याच्या आधी घ्या. त्याआधी थोडं गार, मऊ खा. बधिर बाजूचा ओठ चावला जाणार नाही याकडे लक्ष द्या. लहान मुलं गंमत म्हणून ओठ चावतात आणि संध्याकाळी तो सुजतो.

बाहेरून गालाला बर्फ, रुमालात गुंडाळून, पंधरा मिनिटं लावायचा आणि पंधरा मिनिटं काढायचा. त्या दिवशी गरम काही नको. दोन उशा घेऊन झोपा.

घरचे उपाय जखमेत नकोत. लवंगेचं तेल, हळद, तुरटी, मिसरी यातलं काहीही. पाहुणे प्रेमानं सांगतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. विडी-सिगारेट आणि तंबाखू टाके निघेपर्यंत तरी बंदच.

## टप्पा ९ : पुढचे दिवस, आणि कधी धावायचं

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर पाणी तोंडात हलकेच फिरवा आणि ओघळू द्या. खळखळून चूळ नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा ‘बिघडलं’ असं वाटतं. चौथ्या दिवसापासून ती उतरायला लागली पाहिजे.

दुखणं कमी होत आलं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकदम उसळलं, कानापर्यंत कळ जाते आहे, तोंडाला घाण वास येतो आहे, गोळीनं भागत नाही, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असण्याची शक्यता आहे. त्यावर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून उपयोग नाही. दवाखान्यात जखम धुऊन औषधाची पट्टी भरली की थोड्याच वेळात आराम पडतो.

ओठ किंवा जीभ चोवीस तासांनंतरही बधिर असेल तर कळवा.

जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज सरकणं, गिळताना त्रास, आवाज बदलणं, श्वास लागणं, सूज वाढत असताना थंडी-ताप, यातलं काही दिसलं तर दाताच्या दवाखान्याची वेळ पाहू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा किंवा १०८ ला फोन करा. घरी नेल्यावर गुंगीतला माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, तरीही हेच.

रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. त्याला भूल लागत नाही, चिमटा काढल्यासारखं वाटतं. त्या दिवशी डॉक्टरांकडून एक कागद मागून घ्या : गुंगीचं कोणतं औषध, किती मात्रा, कसा असर झाला, मळमळ झाली का, उतरायला किती वेळ लागला. तो फाइलमध्ये लावून ठेवा. दुसऱ्या बाजूची दाढ काढायची वेळ येईल तेव्हा भूलतज्ज्ञ आधी तोच मागतील.